लाईट गेल्यावर गाणे कोणाच्या तोंडी उरते? : गुलामांची भजने, चर्चचा वाद आणि आपण

गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत ऐन चौकात जनरेटर बंद पडला. डीजे थांबला, रंगीत दिवे विझले. दोन-तीनशे पोरे होती तिथेच उभी राहिली. कोणाच्याच तोंडून आवाज निघेना. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका आजीने भीमगीत धरले. चार बाया तिच्या मागे म्हणू लागल्या. आम्हीही सूर लावला आणि पहिले कडवे संपताच लक्षात आले की दुसरे कडवे आम्हाला येत नाही. ज्या गाण्यावर आम्ही तासभर नाचत होतो ते गाणे आमचे नव्हतेच, ते स्पीकरचे होते.

दुसऱ्या दिवशी विहारात बैठक झाली आणि दर वर्षीचा वाद पुन्हा पेटला. ज्येष्ठ म्हणाले, डीजे बंद करा, ही गाणी पोरांना बिघडवतात. पोरे म्हणाली, वर्षातून एक दिवस आम्ही रस्त्याच्या मधोमध छाती काढून चालतो, तेही तुम्हाला बघवत नाही का? एका काकांनी नृत्य-गीतापासून दूर राहण्याच्या शीलाचा दाखला दिला. त्यावर एका पोराने उत्तर दिले की ते अष्टशीलात आहे, उपोसथाच्या दिवशी पाळायचे. उपासकाचे रोजचे शील पाच. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला. गाणे माणसाला घडवते की बिघडवते? आणि हे ठरते कशावरून? चालीवरून, शब्दांवरून, की आणखी कशावरून?

या प्रश्नावर ज्या धर्मात सर्वात जास्त काळ आणि सर्वात कडाक्याचा वाद झाला तो ख्रिस्ती धर्म. तो आमचा धर्म नाही. पण त्याच धर्माच्या पोटात, गुलामीच्या साखळ्या पायात असलेल्या माणसांनी या वादाला जे उत्तर दिले ते आमच्या कामाचे आहे. म्हणून हा लेख.

चर्चची भीती

इसवी सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या, ऑगस्टीन नावाच्या बिशपने आपले आत्मचरित्र लिहिले. त्यात तो एक कबुली देतो. चर्चमधली भजने ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्यातून त्याची श्रद्धा दृढ झाली होती. पण कधीकधी त्याचे मन शब्दांपेक्षा आवाजातच जास्त रमते, आणि मग आपल्याकडून पाप घडले असे त्याला वाटते. गाणे हवे, पण गाण्याची भीतीही वाटते, अशी त्याची ओढाताण आहे.

अकराशे वर्षांनी युरोपात धर्मसुधारणा झाली तेव्हा ही ओढाताण उघड भांडण झाली. झुरिचमधला झ्विंगली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा माणूस. पण त्याने उपासनेतून संगीत काढूनच टाकले, चर्चमधले ऑर्गन गप्प झाले. जर्मनीतला मार्टिन ल्यूथर नेमका उलट निघाला. सामान्य माणसाला कळेल अशा जर्मन भाषेत त्याने भजने रचली, आणि १५२४ मध्ये त्याच्या पंथाचे पहिले गीतपुस्तक छापले गेले. त्यात फक्त आठ गाणी होती. पुरोहिताच्या लॅटिनमधून निघून गाणे लोकांच्या तोंडी आले.

या सगळ्या विद्वानांचा प्रश्न एकच होता : गाण्याचा गाणाऱ्यावर काय परिणाम होतो? पण गाणे कोणाच्या ताब्यात आहे, शब्द कोण निवडतो, कोण कोणाला गायला लावतो, हा प्रश्न त्यांना तितकासा टोचला नाही. तो टोचायला पाठीवर चाबूक बसावा लागतो.

मालकाने निवडलेले शब्द

अमेरिकेतल्या मळेवाल्यांना गाण्याची ताकद पक्की माहीत होती. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, कायदा झाला आणि गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल काढून घेतला, की त्या जागी काहीतरी द्यावे लागते. दिला गेला धर्म, पण कात्री लावून.

१८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलमधील 'निवडक भाग' छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग गाळला होता. मोशेने इस्रायलींना इजिप्तच्या गुलामीतून सोडवून नेले ती कथाच गायब! योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ते ठेवले. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हेही ठेवले. ज्ञानावर पहारा बसवणारे फक्त मनूचेच वंशज असतात असे समजू नका.

शब्दांनंतर गाण्याची पाळी. जॉर्जिया राज्यातला चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाद्रीही होता आणि गुलाम बाळगणारा मळेवालाही. गुलामांना धर्म शिकवण्यावर त्याने १८४२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात तो गुलामांना स्तोत्रे आणि भजने शिकवण्याचा एक फायदा सांगतो : ती आली की हे लोक आपली स्वतःची अचरट, अर्थहीन गाणी सोडून देतील. म्हणजे भजन देण्यामागचा एक हेतू सरळसरळ त्यांचे स्वतःचे गाणे काढून घेणे हा होता.

आता 'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध भजन घ्या. त्याचा कवी जॉन न्यूटन गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. १७४८ मध्ये समुद्रावरच्या वादळात त्याला ईश्वर आठवला. तरी १७५४ पर्यंत तो जहाजाच्या तळघरात माणसे कोंबून नेतच होता. भजन छापले गेले १७७९ मध्ये. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये. मन बदलल्यापासून हे पाप उघड बोलेपर्यंत चाळीस वर्षे गेली! सुंदर शब्द माणसाला आपोआप न्यायी बनवतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ही चाळीस वर्षे ध्यानात ठेवावीत.

हा प्रश्न आपल्या शेजारीच एका कृष्णवर्णीय धर्मचिंतकाला विचारला गेला. १९३५ मध्ये हॉवर्ड थर्मन हे अमेरिकन पाद्री श्रीलंका आणि भारताच्या दौऱ्यावर आले होते. कोलंबोत एका गृहस्थाने त्यांना गाठले आणि विचारले : तुमच्या पूर्वजांना ख्रिस्ती लोकांनी विकले, गुलामांच्या एका जहाजाचे नावही 'जीझस' होते, तुमची लाडकी भजने लिहिणारा न्यूटन गुलामांचा व्यापारी होता, मग तुम्ही ख्रिस्ती कसे? त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. ज्या धर्माने मला माणूस मानले नाही तो माझा कसा, हा प्रश्न त्या वर्षी दोन ठिकाणी जळत होता. बाबासाहेबांनी धर्म सोडून उत्तर दिले. थर्मन यांनी उत्तर शोधायला १९४९ मध्ये पुस्तक लिहिले, 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड', म्हणजे येशू आणि वंचित. त्यात ते आपल्या आजीची आठवण सांगतात. आजी जन्माने गुलाम. नातवाकडून ती बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे, एखादा अध्याय सोडला तर, वाचू देत नसे. मालकाचा पाद्री दर वेळी त्याच पत्रांतून 'दासांनो, आज्ञा पाळा' वाचून दाखवायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने स्वतःची कात्री चालवली. मालकाने मुक्ती गाळली होती, आजीने गुलामी गाळली.

रानातले चर्च

गुलामांनी गाण्याच्या बाबतीतही हेच केले. मालकाच्या चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसले आणि रात्री रानात स्वतःचे चर्च भरवले. ऐकलेल्या कथांतून त्यांनी नेमके तेच उचलले जे गाळायचा प्रयत्न झाला होता : मोशे, फारो, दुभंगलेला समुद्र, सिंहांच्या गुहेतून वाचलेला दानिएल. एक जण ओळ टाकायचा, बाकीचे झेलायचे. वही नाही, वाद्य नाही. पाय आपटून आणि टाळ्या वाजवून ठेका धरायचा. ढोल हिसकावला तर अंगाचाच ढोल केला.

मालकाला ऐकू यायचे ते स्वर्गाचे गाणे. गाणाऱ्याला मात्र 'इजिप्त' म्हणजे हा मळा आणि 'फारो' म्हणजे हा मालक, हे सांगावे लागत नव्हते. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की उत्तरेतल्या लोकांना ही गाणी गुलामांच्या समाधानाचा पुरावा वाटतात, याचे त्यांना आश्चर्य वाटते. गुलाम सर्वात जास्त गातो तो सर्वात जास्त दुःखात असताना. आपल्या बायाबापड्यांच्या जात्यावरच्या ओव्यांना 'सुखी ग्रामजीवन' म्हणणारे जे आहेत, त्यांनी डग्लस वाचावेत.

१८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला. आणि १८७३ मध्ये आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. आपला आणि त्यांचा धागा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याच गाण्याची लाज

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे : मालक वाईट, गुलाम शूर. पण आमच्या बैठकीतला वाद मालक-गुलामांतला नव्हता, आपसातला होता. तसा वाद त्यांच्यातही झाला.

डॅनियल पेन हे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र मेथडिस्ट चर्चचे बिशप. शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते, अमेरिकेतल्या महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांना गोल फिरत, पाय आपटत केलेली उपासना आणि शेतातल्या चालीवरची गाणी अजिबात खपत नसत. हे रानटीपण आहे, यामुळे समाजाची अब्रू जाते, असे त्यांचे मत. आता ही भाषा ओळखीची वाटते ना? शिकून पुढे गेलेला माणूस वस्तीतल्या नाचाकडे याच नजरेने बघतो. पेन यांचा हेतू वाईट नव्हता. ज्या समाजाला जनावर म्हटले गेले त्याने सभ्यता सिद्ध करावी असे त्यांना वाटत होते. पण सभ्यतेची पट्टी गोऱ्यांच्या चर्चमधून आणलेली होती, हे त्यांना दिसले नाही.

नॅशव्हिलमधले फिस्क विद्यापीठ गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये सुरू झाले आणि पाच वर्षांत दिवाळखोरीला आले. तेव्हा १८७१ मध्ये नऊ विद्यार्थ्यांचा गायकवृंद पैसे उभे करायला निघाला. बहुतेक जण गुलामीतच जन्मलेले. आईबापांची ती गाणी चारचौघांत गायला त्यांना सुरुवातीला संकोच वाटायचा. गुलामीच्या आठवणी परक्यांपुढे का मांडायच्या? पण त्यांनी गायली. अमेरिका फिरले, इंग्लंडला राणीपुढे गायले, आणि त्या पैशातून विद्यापीठाची भव्य इमारत उभी राहिली, ज्युबिली हॉल. याच विद्यापीठातून १८८८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस पदवीधर झाले. १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर या दुःखगीतांची स्वरलिपी छापली आणि शेवटचे प्रकरण त्या गाण्यांनाच दिले. याच डुबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती.

पुढच्या पिढीत पुन्हा तोच वाद झाला. थॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवायचा. तेव्हा धार्मिक माणसे ब्लूजला सैतानाचे संगीत म्हणत. १९३२ मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही गेले. त्या दुःखातून त्याने जे भजन लिहिले त्यात ब्लूजची कळ होती. शिकागोतल्या प्रतिष्ठित चर्चनी त्याच्या या नव्या 'गॉस्पेल' संगीताला आधी दारे लावली. पण तेच भजन पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे आवडते झाले. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी, गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, किंग एका वादकाला तेच वाजवायला सांगत होते. चाल सैतानाची नसते, हे तिथे आयुष्ये खर्चून सिद्ध झाले आहे. म्हणून 'ठेका वाईट' म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांशी आम्ही सहमत नाही.

'मी' आणि 'आम्ही'

मग शब्दांचे काय? इथे 'वी शॅल ओव्हरकम' या गाण्याची गोष्ट ऐका. चर्चमध्ये ते 'मी' असे म्हणून गायले जात होते. १९४५ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात सिगार कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. संपात मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय बाया होत्या. थंडी-पावसात कारखान्याच्या दारात उभ्या राहून त्या हे गाणे गायच्या, आणि गाता गाता 'मी'चे 'आम्ही' झाले. त्यांच्याकडून ते टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत पोहोचले. १९५९ मध्ये या शाळेवर पोलिसांची धाड पडली. दिवे लावू दिले नाहीत, झडती सुरू झाली. त्या अंधारात पोरांनी हेच गाणे धरले, आणि मॉन्टगोमेरीहून आलेल्या एका किशोरवयीन मुलीने आम्ही घाबरत नाही या अर्थाचे कडवे तिथल्या तिथे जोडले.

आमच्या चौकातही अंधार झाला होता. तिथे मुलीने कडवे जोडले. आम्हाला असलेले कडवेही येत नव्हते.

१९६१ मध्ये जॉर्जियातल्या अल्बनी गावात पहिला मोर्चा झाला. परत आल्यावर चर्चमध्ये बर्निस जॉन्सन या विद्यार्थिनीला गायला सांगितले. जुन्या भजनात 'संकट' असा शब्द होता. तो तोंडात येताच तिला वाटले, आत्ता इथे हा शब्द बसत नाही. तिने त्या जागी 'स्वातंत्र्य' म्हटले. बदलला एक शब्द. पण तो कोणा कवीने खोलीत बसून बदलला नव्हता, मोर्चात चालून आलेल्या पोरीने बदलला होता. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर १९६२ मध्ये मतदार नोंदणीसाठी बसने गेल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. आत बसलेले लोक भेदरले, तेव्हा या बाईने चर्चमधली गाणी सुरू केली. त्याच दिवशी त्यांना मळ्यावरून हाकलले. त्यांनी माघार घेतली नाही.

याच बर्निस जॉन्सन, लग्नानंतरच्या रेगन, यांनी पुढे एक मार्मिक आक्षेप नोंदवला. 'मी'चे 'आम्ही' झाले म्हणजे प्रगतीच झाली असे समजू नका, असे त्यांचे म्हणणे. काळ्या चर्चमध्ये प्रत्येक जण 'मी' म्हणतो तेव्हाच समूह तयार होतो. 'आम्ही' म्हणताना माणूस गर्दीत लपू शकतो. हे वाचून आम्ही थांबलो. आम्ही हा लेखही 'आम्ही' म्हणतच लिहितो आहोत. डीजेसमोरचे आम्हीही 'आम्ही'च होतो. मात्र त्यातल्या एकाचेही तोंड उघडे नव्हते.

गाण्याने पोट भरत नाही

गाण्यावर टीका करणारेही त्याच समाजात होते आणि त्यांचेही ऐकले पाहिजे. १९६४ मध्ये माल्कम एक्स यांनी भाषणात बजावले की गाणे पुरे झाले, गाऊन स्वातंत्र्य मिळत नाही. १५ मार्च १९६५ रोजी खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेत 'वी शॅल ओव्हरकम' हे शब्द उच्चारले. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला हे खरे. पण तेव्हापासून ते गाणे सत्तेच्याही सोयीचे झाले. आपल्याकडे गिरिजाकुमार माथूर यांच्या हिंदी रूपात, 'हम होंगे कामयाब' म्हणून, ते शाळाशाळांतून गायले जाते. त्यात संपावरच्या काळ्या बाया कुठे आहेत? दातपडक्या वाघासारखे ते गाणे स्नेहसंमेलनात उभे केले जाते. तेव्हा शब्द क्रांतिकारक असले की काम झाले, हेही खरे नाही.

मग खरे काय? त्या दोनशे वर्षांच्या इतिहासातून आम्हाला एवढे उमगते : गाण्याचा परिणाम चालीत नसतो आणि नुसत्या शब्दांतही नसतो. तो ताब्यात असतो. गाणे ज्याच्या तोंडी आहे, ज्याला शब्द बदलायचा हक्क आहे, आणि गाऊन झाल्यावर जो उठून काहीतरी करायला जातो, गाणे त्याला घडवते. बाकीच्यांना ते फक्त डोलवते.

आपली परंपरा वेगळे सांगत नाही. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, वामनदादांची गावोगावची गाणी ही माईकच्या जोरावर नव्हे, तोंडपाठ असण्याच्या जोरावर जगली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथरने नाव घेतले. त्यांच्या गाण्याची रीत घ्यायची मात्र अजून बाकी आहे.

म्हणून बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडल्या. डीजेवर बंदीचा ठराव नको. बंदी हे मालकाचे हत्यार आहे, १७४० पासून. पण मिरवणुकीत एक तास असा ठेवायचा की स्पीकर बंद आणि सगळ्यांनी गायचे. दुसरे, त्या आजीसारख्या बायांकडून गाणी उतरवून घ्यायची, आणि नुसती मोबाईलमध्ये न ठेवता दर रविवारी विहारात म्हणायची. तिसरे, नव्या पोरांनी आपल्या वस्तीचे पाणी, शिष्यवृत्ती, कंत्राटी सफाई यांवर स्वतःची कडवी जोडायची. ठेका कोणताही चालेल.

ठराव अर्धाच पास झाला. तासाचा अर्धा तास झाला. हरकत नाही. आमच्यापैकी अकरा जणांना आता ते दुसरे कडवे येते. पुढच्या जयंतीला जनरेटर बंद पडो वा न पडो, आम्ही ते म्हणणार आहोत, आणि म्हणताना प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने म्हणणार आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!